जगबुडीची पूर्वतयारी

माझ्या कपाटात आजवर जग कितीदा बुडालं कुणास ठाऊक. कधी आभाळातून धोंडा आला, कधी समुद्र घरात शिरला, कधी सूर्य फुगला, कधी कुठल्याशा प्रयोगशाळेतून जंतू सुटला आणि माणसं पटापटा पडायला लागली. मी प्रत्येक वेळी खुर्चीवर मांडी घालून, शेंगा सोलत, सगळं शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि गाढ झोपलो. बायकोच्या मते हे धड माणसाचं लक्षण नव्हे. रिटायर झालेली माणसं झाडांना पाणी घालतात, लग्नाकार्यात मिरवतात, निदान सकाळी फिरायला तरी जातात, आणि हा माणूस दुपारभर बसून लाखो लोकांना मारतो, असं ती माझ्या मेहुणीला फोनवर सांगते. मी शेजारीच बसलेलो असतो, तरी सांगते.

माझी सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत गेली. दुसऱ्यांवर कोसळलेल्या आपत्ती तिथं टाचणी लावून माझ्या टेबलावर यायच्या. कुणाचं दुकान जळालेलं, कुणाचा टेम्पो उलटलेला. त्या वाचताना मला कधी मजा आली नाही, उलट जीव कासावीस व्हायचा, कारण ती आपत्ती एकट्याची असायची. शेजारचं दुकान शाबूत आणि ह्याचंच राख. कादंबरीत तसं नसतं. तिथं एकदा आग लागली की घरमालक, भाडेकरू आणि भाडेकरूला शिव्या देणारी घरमालकीण असे सगळे एकाच दिशेनं पळतात. हे मला फार बरं वाटायचं. कचेरीतून सुटलो की मी आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका रद्दीवाल्याकडं जायचो. त्याला माझी आवड पाठ झाली होती. लांबूनच ओरडायचा, "साहेब, पृथ्वी फुटलेली दोन आलीत." आजूबाजूचे लोक माझ्याकडं बघायचे.

त्यातली निम्मी पुस्तकं इंग्रजी असायची. माझं इंग्रजी बेताचंच, पण जग बुडायला फार इंग्रजी लागत नाही. 'पळा' आणि 'फार उशीर झालाय' एवढं कळलं की पुढचं आपोआप समजतं. एका पुस्तकाची शेवटची पानं कुणीतरी भजी बांधायला नेली होती, त्यामुळं त्यातलं जग वाचलं की नाही हे मला आजतागायत माहीत नाही.

सोलापुरात बसून ही पुस्तकं वाचण्याची एक अडचण आहे. लिहिणारे लोक थंड मुलखातले असावेत, त्यांना कशाचीही भीती वाटते. सूर्य तापायला लागला की त्यांच्या कादंबरीत डांबर वितळतं, चपला रस्त्याला चिकटतात, आणि ते बघून एक शास्त्रज्ञ बाई रडायला लागते. आमच्याकडं मे महिन्यात चप्पल चिकटली तर माणूस ती ओढून काढतो, दोन शिव्या देतो आणि पुढं जाऊन रसवंतीत बसतो. म्हणून मी उन्हाळ्यात सूर्याच्या कादंबऱ्या वाचतच नाही. हिमयुगाच्या तेवढ्या मे महिन्यासाठी राखून ठेवतो. दुपारी पंखा गरम वारा फेकत असतो, अंगाला बनियन चिकटलेला असतो, आणि पुस्तकात तिकडं माणसं गोठून काठीगत ताठ झालेली असतात. दोन पानांत बरं वाटायला लागतं.

खाण्याचंही तेच. धूमकेतू आदळला की ती माणसं दुकानं फोडतात आणि घेवड्याच्या डब्यावरून एकमेकांची डोकी फोडतात. मी बायकोला हे वाचून दाखवलं तेव्हा ती कडक भाकऱ्या डब्यात भरत होती. तिनं विचारलं, यांच्याकडं भाकरी टिकत नाही का. म्हटलं, नाही. मग शेंगाची चटणी? म्हटलं, ती पण नाही. तिला त्या लोकांची खरोखर कीव आली. दुसऱ्या एका पुस्तकात निवडक माणसं जमिनीखाली जाऊन बरीच वर्षं राहतात. मी रंगात येऊन सांगत होतो, यंत्रं कशी, हवा कशी शुद्ध होते वगैरे, आणि हिनं मध्येच विचारलं की धुणं कुठं वाळत घालतात. मी ते पुस्तक पुन्हा चाळलं. धुण्याचा उल्लेख कुठंच नव्हता. त्यानंतर त्या लेखकावरचा माझा विश्वास थोडा उडालाच.

पण तिनं खरी माती केली ती पाण्याच्या कादंबरीची. त्यात एका मोठ्या शहराचे नळ बंद पडतात आणि दुसऱ्याच दिवशी लोक एका बाटलीसाठी खून करतात. ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी? आपल्याकडं पाचव्या दिवशी बी नुसत्या शिव्याच देतेत की." आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा, आणि आजवर एकाही माणसाचा खून पडलेला नाही. मी पुस्तक मिटून ठेवलं आणि तिनं सांगितल्याप्रमाणे लसूण सोलायला बसलो.

तरी मी ही पुस्तकं सोडली नाहीत, त्याला कारण होतं. अशा प्रत्येक कादंबरीत एक माणूस असतो, जो पहिल्यापासून सांगत असतो की संकट येतंय, आणि त्याचं कुणी ऐकत नाही. कचेरीत साहेब आणि घरी बायको असल्यामुळं हा माणूस मला जवळचा वाटायचा. दुसरं म्हणजे, यातल्या निम्म्या पुस्तकांत एक बाप असतो. त्याची मुलगी दुसऱ्या शहरात अडकलेली असते. रेल्वे बंद, फोन बंद, पूल पडलेले. आणि हा बाप, ज्याला आयुष्यभर साधं रेशन आणायला वेळ मिळालेला नसतो, तो उठतो आणि चालायला लागतो. राखेतून, बर्फातून, पुरातून. वाटेत त्याला दरोडेखोर भेटतात, लांडगे भेटतात. शेवटी तो पोचतो. दार उघडतं आणि पोरगी म्हणते, मला ठाऊक होतं तुम्ही येणार. इथं मी दर वेळी चष्मा पुसतो. बायको म्हणते, डोळे तपासून घ्या.

मला एकच मुलगी. लहान होती तेव्हा पाणी आलं की आम्ही दोघं नळाशी बसायचो, कारण आमचा नळ सुतासारखा वाहायचा आणि एक घागर भरायला भरपूर वेळ लागायचा. तेवढ्यात मी तिला गोष्ट सांगायचो. एक घागर भरेपर्यंत धूमकेतू दिसायचा, दुसऱ्या घागरीला आदळायचा, बॅरल भरत आली की उरलीसुरली माणसं नवं गाव वसवायची. तिचा प्रश्न ठरलेला असायचा, त्यात तिचे पप्पा वाचले का. मी म्हणायचो, वाचले. मग ती उरलेल्या जगाची फारशी चौकशी करायची नाही.

पुढं ती शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिथंच लग्न झालं. जावई चांगला, सासरची माणसं चांगली. फोन रोज यायचा. आईशी तासभर बोलायची आणि मग माझ्यापाशी, पप्पा जेवलात का, गोळी घेतली का, मम्मीकडं द्या. पूल शाबूत होते, रेल्वे चालू होती, फोनला रेंज होती. तिच्यापर्यंत पोचायला मला कुठलीच अडचण नव्हती आणि बोलवलंही कुणी नव्हतं. याचा राग कुणावर काढावा तेही समजायचं नाही, मग मी रद्दीवाल्याच्या पुस्तकांवर काढायचो.

तिला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं. व्याह्यांची हरकत नव्हती. विहीणबाईंनी मात्र खोडा घातला, तोही अगदी गोड बोलून. त्यांच्या फ्लॅटला चोवीस तास पाणी. तुमच्याकडं आठवड्यातून एकदा-दोनदा येतं म्हणे, मग बाळाचं धुणं, बाळंतिणीची शेक-शेगडी, अंघोळी, हे सगळं भागणार कसं, असं त्यांनी फोनवर विचारलं. बायको काहीतरी समजुतीचं बोलणार होती, तेवढ्यात मी फोन ओढून घेतला आणि सांगितलं की पाण्याची जबाबदारी माझी. विहीणबाई म्हणाल्या, ठीक आहे दादा. सव्वा महिन्यानं नामकरणाला आम्ही सोलापूरला येऊच. सगळं नीट असेल तर पोरीला आणि बाळाला तीन महिने राहू द्या. नाहीतर त्याच दिवशी आमच्याबरोबर पाठवा. मी कबूल केलं. फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडं बघत राहिली, कारण लग्न झाल्यापासून मी कसलीच जबाबदारी घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

नात झाली. सगळं सुखरूप. घरात शेपा-बाळंतशोपाचा, धुरीचा आणि तेलाचा वास भरून राहिला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कामाचा माणूस झालो. पाणी येणार त्या दिवशी सकाळपासून नळाशी मीच. बॅरल, ड्रम, पिंप, हंडे, कळश्या, जुन्या तेलाचे डबे, सगळं मी भरायचो. कुठलं पाणी प्यायचं, कुठलं बाळाचं, कुठलं धुण्याचं हे मी ठरवून दिलं होतं आणि प्यायच्या पाण्यात कुणी धुण्याचा मग बुडवला तर घर डोक्यावर घ्यायचो. मुलगी बाजेवर पडून हसायची. बाळाला मांडीवर घेऊन मी धूमकेतूची गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण ती पहिल्याच वाक्याला झोपायची. रोज सकाळी उठल्याबरोबर वाटायचं, अजून तीन महिने व्हायला भरपूर दिवस आहेत.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, बाहेरच्या माणसाला ती पटत नाही. पाणी येणार म्हटलं की आधी घरातलं उरलेलं पाणी ओतून द्यायचं. आदल्या दिवसापर्यंत जे वाटी-वाटीनं जपून वापरलं, ते नवं येणार म्हटल्याबरोबर शिळं होतं. बॅरल उलटी करायची, आतून घासायची, अंगण धुवायचं, गाडी धुवायची, पायरीसुद्धा धुवायची. त्या दिवशी गल्लीतून चाललं तर पावसाळा आहे असं वाटतं. मग मोकळी भांडी नळासमोर मांडून बसायचं. मी या रीतीविरुद्ध जन्मभर बोंब मारली. अहो, नवं येऊ तरी द्या, मग जुनं ओता, एवढं तर कादंबरीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला सगळ्यांनी कंजूष ठरवलं. बायको म्हणायची, शिळं पाणी पाजून मारताय का घरच्यांना.

नामकरणाच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीची पाळी होती. दुपारपर्यंत पाणी येणार, दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची मंडळी येणार. विहीणबाईंनी आठवड्यापूर्वी फोनवर सहज विचारलं होतं, बाळाची अंघोळ साठवलेल्या पाण्यानं घालता का हो. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हटलं, उद्या त्यांच्या हाताला लागेल ते पाणी ताजं पाहिजे, बॅरलच्या तळाला कण दिसता कामा नये. सकाळी मी लुंगी खोचली आणि कुणी सांगायच्या आत बॅरल उलटी केली. त्यामागं ड्रम. त्यामागं पिंप. बायको दारात येऊन म्हणाली, थांबा की जरा, येऊ तर द्या. हे वाक्य जन्मभर मी बोलत आलो होतो, पण त्या दिवशी ऐकलं नाही. वर तिलाच सुनावलं, की बाहेरची माणसं येणारेत, थोडी स्वच्छता नको का.

दुपारी नळानं फुस्स केलं, दोनदा खोकला, आणि गप्प झाला. मी पान्ह्यानं तोटी काढून आत बघितलं. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आलं का', 'न्हाय', 'आमच्यात नुसती हवा' असं सुरू झालं. थोड्या वेळानं कुणीतरी लिहिलं, की मोठी पाइपलाइन कुठंतरी फुटलीय, आज येणार न्हाय, उद्याचं बी सांगता येत न्हाय. त्याखाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. जारवाल्याला फोन केला तर त्याचे जार संपलेले. टँकरवाल्याचा फोन लागेना.

घरात सव्वा महिन्याचं बाळ, उद्या वीस माणसं जेवायला, आणि पाणी म्हणून एक हंडा, एक कळशी आणि अर्धी बादली. पण खरं सांगतो, त्या काळजीच्या बाजूला थोडी उकळीही फुटत होती. इतकी वर्षं जे वाचत होतो ते शेवटी दारात आलं होतं, आणि माझी मुलगी त्यात अडकली होती. मी दोघींना बोलावून परिस्थिती समजावली. हंड्याला कुणी हात लावायचा नाही, प्यायचं तर घोट-घोट, आणि बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. दाराचा पडदाही ओढून घेतला. कादंबरीत पहिला धोका शेजाऱ्यांचा असतो.

बायकोनं शांतपणे विचारलं, शेजारी विचारू का. मी म्हणालो, प्राण गेला तरी नाही. शेजारचं घर विणकरांचं, घरात तेलुगू बोलणारं. त्या बाई पाण्याच्या दिवशी नळाला मोटर लावायच्या आणि आमच्या नळाचा जीव जायचा. यावरून मी एकदा त्यांना खूप बोललो होतो आणि त्या मला तेलुगूत काहीतरी बोलल्या होत्या. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. त्या दिवसापासून बोलणं बंद. तेव्हा तिथं जाणं शक्य नव्हतं. मी जाहीर केलं, की मी चुलतभावाच्या वस्तीवर जाऊन बोअरचं पाणी आणतो. वस्ती अक्कलकोट रस्त्याला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. स्कूटरला दोन कॅन बांधले, हेल्मेट घातलं, पिशवीत टॉर्च, दोरी आणि बिस्किटाचे पुडे घेतले. मुलगी तोवर झोपली होती. मी दारातून तिच्याकडं एकदा बघून घेतलं. बायको म्हणाली, येताना कोथिंबीर आणा.

शहरात काहीच झालेलं नव्हतं. भेळेच्या गाड्या लागल्या होत्या, एका वरातीमुळं रस्ता तुंबला होता, सिग्नलला शेजारचा माणूस तंबाखू मळत होता. लांडगा तर सोडा, कुत्रंसुद्धा अंगावर आलं नाही. वस्तीवर बोअरपाशी मात्र गर्दी होती. म्हटलं, आता इथं होणार. लोक रांगेत उभे राहून गप्पा मारत होते आणि मागं कुठल्या साली याहून जास्त हाल झाले होते यावर त्यांचा वाद रंगला होता. पुढच्या माणसानं मला चहा दिला. घरात बाळंतीण आहे म्हणाल्यावर सगळ्यांनी मिळून मला पुढं ढकललं. मला जरा हिरमुसल्यासारखंच झालं. परतताना एका गतिरोधकावर मागच्या कॅनचं झाकण उडालं. तिथून घरापर्यंत सबंध सोलापूर मला सांगत होतं, काका, पाणी सांडतंय. मला दिसत होतं. पण थांबून झाकण शोधायला मागं जावं, तर पुढचा कॅन सुटायला लागला होता. तो गुडघ्यानं दाबून धरत, कमरेखाली चिंब, दीड कॅन पाणी घेऊन मी गल्लीत शिरलो.

दारातला पडदा उघडा होता. आत माझ्या खुर्चीवर शेजारच्या बाई बसून चहा पीत होत्या. बॅरल गळ्यापर्यंत भरलेली. बाळ न्हाऊन, टोपडं घालून झोपलेलं. मुलगी नुकतीच न्हालेली, ओले केस टॉवेलला गुंडाळून बसली होती. माझी स्कूटर वळल्याबरोबर बायको शेजारी गेली होती. त्यांच्याकडं पूर्वी सूत रंगवायचं काम चालायचं, तेव्हाचा मोठा हौद होता, आणि त्यांनी पाइप टाकून आमची भांडी भरून दिली होती. एवढंच. त्यावरून आणखी एक समजलं, ते असं की आमचं भांडण चालू होतं त्या सगळ्या वर्षांत या दोघींचं विरजण, कढीपत्ता आणि लोणच्याच्या वाट्यांची ये-जा बिनबोभाट चालू होती.

मुलीनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पप्पा, एवढे कशानं भिजलात? पाऊस आला का बाहेर?"

मी कॅन खाली ठेवले. राखेतून, बर्फातून, पुरातून गेलेल्या बापाला दार उघडल्यावर हे ऐकावं लागल्याचं कुठं वाचनात नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी शेजारच्या बाईंना म्हणालो, की तुमच्याकडं एवढा हौद आहे, मग आम्हाला इतकी वर्षं कधी बोलला नाहीत. त्या बशी खाली ठेवत म्हणाल्या, "अण्णा, तुमी कदी विचारलंच न्हाय की." मी आत जाऊन लुंगी बदलली. कोथिंबीर विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुण्याची मंडळी आली. जयभीम झाले, हार झाले. विहीणबाई पाय धुवायच्या निमित्तानं न्हाणीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी दाराशी घुटमळत होतो. आतून तांब्या बुडवल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग बादली ओतल्याचा. बाहेर आल्या तेव्हा तोंडावर समाधान होतं. वंदना झाली, नाव ठेवलं, पेढे वाटले. पंगत उठली. भांडी घासून झाली तरी बॅरलमध्ये पाणी होतं. शेवटी विहीणबाई माझ्यापाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, मी उगंच काळजी करत होते. राहू द्या तिला तीन महिने निवांत."

मी जिंकलो होतो. पाणी कुणाचं होतं हा भाग सोडून द्या. हे आधी मुलीला सांगायचं म्हणून मी लगबगीनं आतल्या खोलीत गेलो. ती जमिनीवर बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती आणि एकेक बॅगेत ठेवत होती. कोपऱ्यात जावई पाठ टेकून बसला होता. बाळ त्याच्या छातीवर झोपलं होतं. सकाळी आल्यापासून त्यानं तिला खाली ठेवलंच नव्हतं, जेवायलासुद्धा तिला एका हातावर घेऊनच बसला होता. मी ते बघून हसलोही होतो सकाळी.

ती म्हणाली, "पप्पा, मी यांच्याबरोबर जाते."

मला वाटलं, पाण्याला घाबरली. मी घाईघाईनं सांगायला लागलो, की लाइन जोडलीय, ग्रुपवर मेसेज आलाय, आज संध्याकाळपर्यंत येतंय, बॅरल अजून अर्धी आहे, आणि विहीणबाई स्वतः राहा म्हणाल्या.

"पाण्याचं नाही, पप्पा," ती म्हणाली. "इथं मला काही कमी नाही. मला घरी जायचंय."

हे घर नाही का, असं अगदी ओठावर आलं होतं. पण ती तितक्यात त्याच्याकडं बघत होती, तो झोपलेल्या पोरीच्या टोपड्याची गाठ एका हातानं सैल करत होता, आणि मी बॅग माझ्याकडं ओढली. माझ्या सगळ्या पुस्तकांत पोरगी बापाच्या गळ्यात पडते आणि तिथंच गोष्ट संपते. आता कळलं, का संपवतात. त्याच्या पुढचं लिहायचं म्हटलं तर रेल्वे सुरू करावी लागेल, पूल बांधावे लागतील, आणि पोरगी म्हणेल, बरं पप्पा, निघते मी. मी बॅगेची चेन लावून दिली. दुपटी जास्त झाली होती, चेन लागत नव्हती, तर वर गुडघा ठेवून लावली.

गाडीत सामान मीच रचलं. पुढं काय, मागं काय, बाळाची पिशवी हाताशी कशी पाहिजे, सगळं सांगितलं. बायकोनं कडक भाकऱ्यांचा डबा आणि चटणीची बरणी दिली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, नातीच्या तळपायाला तीट लावली, आणि पदर डोळ्याला न लावता सगळ्यांना नीट जा म्हणाली. मला वाटलं, बाई खंबीर आहे. मुलीनं काच खाली करून सांगितलं, पप्पा, गोळी घ्या वेळेवर. गाडी गल्लीच्या टोकाला वळली.

वळली न वळली तोच कुणीतरी ओरडलं, आलं. सगळ्या गल्लीत एकदम पळापळ झाली. बादल्या आपटल्या, मोटरी सुरू झाल्या, पोरं ओरडायला लागली, ग्रुपवर आलं-आलं-आलं असा पाऊस पडला. बायको हातातली ताटली ठेवून घरात पळाली. मी तिथंच रस्त्यात उभा होतो. एक माणूस सायकल थांबवून म्हणाला, काका, पाणी आलंय, उभं काय राहिलाय.

मी आत गेलो. नळाला त्या दिवशी कधी नव्हे ते मनगटाएवढं पाणी होतं. बायको बॅरलशेजारी पाइप हातात धरून उभी होती. पाइपाचं तोंड बॅरलमध्ये नव्हतंच, बाहेर होतं. पाणी फरशीवरून अंगणात, अंगणातून गटारीकडं चाललं होतं, आणि ज्या बाईनं जन्मभर डाळ धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला घातलं, ती त्या पाण्याकडं नुसती बघत होती.

"अगं, पाणी वाया चाललंय," मी म्हणालो.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "आता कुणाला लागतंय एवढं."